टिटवीची अकरावी फट

बर दुबई,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

प्रिय अब्बा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. आपली टिटवी, तो सागाचा उपग्रह, सूर्यावरच्या वादळामुळे पडली असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते खरं नाही. आमच्या कथेत सूर्यावर कधी वादळ झालंच नाही. टिटवी पडली ती तिच्या अकराव्या फटीमुळे, आणि ती फट कोणाच्या हातून चुकली हे मीच लिहिलं आहे. वादळ मी फक्त तुम्हाला पाठवायच्या कागदावर उठवलं.

मुनिबा, तू हे अब्बांना वाचून दाखवते आहेस. यात तुला मध्ये मध्ये थांबावंसं वाटेल, एखादा परिच्छेद गाळावासा वाटेल. गाळू नकोस. मागचं पत्र तू गावच्या जेटीवर सगळ्यांसमोर वाचलंस असं कळलं. हे घरात, अम्मीच्या आणि अब्बांच्या समोरच वाच, पण पूर्ण वाच. अम्मीला आणि तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून अब्बांना ठाऊक असलेल्या गोष्टीही मी पहिल्यापासून लिहिते आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण माझा आवाज जरा ओला झाला की अब्बा म्हणणार, बस गं, खलास, जेवलीस का? आणि मी जेवणाबद्दल सांगू लागणार. कागदाला कोणी मध्येच जेवणाबद्दल विचारत नाही.

माझं काम काय आहे ते तू मला तीनदा विचारलंस आणि मी तीनदा वेगळं उत्तर दिलं. नीट सांगते. अल क्वोजच्या एका गोदामात आमचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही ‘नऊ बंदरं’ नावाची ऐकायची मालिका बनवतो. ती हजार वर्षांनंतरच्या माणसांची गोष्ट आहे. ती माणसं आकाशात बांधलेल्या नऊ बंदरांवर राहतात आणि एका बंदरावरून दुसऱ्यावर जहाजांनी जातात. सहा जण मिळून लिहितात. मी त्या जगाचा इतिहास सांभाळते. कोण कधी जन्मलं, कोणतं बंदर कधी बांधलं, कोणता कायदा का झाला, हे सगळं माझ्या नोंदवहीत असतं आणि त्या नोंदीबाहेर कोणी जाऊ शकत नाही. प्रत्येक नोंदीसमोर दोन रकाने आहेत, ही गोष्ट कोणी सुचवली आणि तिला पुरावा काय. ते रकाने मीच सुरू करायला लावले. माझ्या या काटेकोरपणाला ऑफिसात सगळे हसतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अनुपमा मॅडमनी मला सांगितलं, या जगातला पहिला उपग्रह ठरव. बंदरांच्याही आधीचा, माणसांनी पहिल्यांदा आकाशात सोडलेला. अनुपमा मॅडम पुण्याच्या, आमच्या सगळ्यांच्या वरच्या. मी दोन आठवडे धातूचे गोळे काढत बसले. मग एका शुक्रवारी तुम्ही नेहमीसारखे लाँचच्या यार्डातून अब्रा होडीत बसून इकडे आलात. खाडीकाठच्या बाकावर कडक चहा पिता पिता मी तुम्हाला माझी अडचण सांगितली, आणि तुम्ही विचारलंत, लोखंडाचाच कशाला? सागाचा करा की. फटी नीट भरल्या तर पाणी काय, वारादेखील आत जाणार नाही.

मुनिबा, तू अब्बांना काम करताना कधी पाहिलं नाहीस. मी पाहिलं आहे. लाकडी लाँचच्या दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ते पातळ छिन्नीने बसवत जातात आणि वर लाकडी मोगरी मारत जातात. मग त्याच वाटेने परत येतात. मोगरीचा हलका ठोका देतात आणि कान लाकडाला लावतात. भरलेली फट टणक बोलते. जिथे आवाज बोदा येतो तिथे पाणी शिरणार. एकतीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं. आणि काम झालं की फळीच्या टोकाला मासेमारीच्या गळाची एक छोटी खूण कोरायची, कारण सही येत नाही. यार्डातले लोक दुरून ती खूण बघून सांगायचे, ही अहमदची फट आहे, पुढे चला.

त्यानंतरच्या सगळ्या शुक्रवारी आपण दोघांनी मिळून टिटवी बांधली. आपल्या पाण्याच्या टाकीएवढी, बारा फळ्यांची, अकरा फटींची. शेवटची फळी तिच्या झाकणाची, तिला खिळेच मारायचे, असं तुम्ही बजावलंत. तिच्या पोटात एक मोगरी, जी स्वतःच आतून ठोके देत राहते. ते ठोके रेडिओवर खाली ऐकू आले की समजायचं सगळ्या फटी शाबूत आहेत, आणि त्याच ठोक्यांवरून समुद्रातल्या जहाजांनी आपली दिशा ठरवायची. नावही तुमचंच. रात्री किनाऱ्यावर टिटवी ओरडली की माणूस जागा होतो, म्हणून. आमच्या अरबी निवेदकाला ‘ट’ म्हणता येत नाही, तो ‘तितवी’ म्हणतो. तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्हीही काही दिवस तसंच म्हणत होता. ठोक्यांचा आवाज शार्दूलने केला. आवाजाचं सगळं काम तो बघतो. मी फोनवर भरून नेलेला तुमच्या मोगरीचा आवाज त्याने जसाच्या तसा वापरला. लोकांना टिटवी आवडली ती त्या आवाजामुळे. नोंदवहीत ‘कोणी सुचवली’ या रकान्यात मी माझं नाव घातलं. फटी भरणाऱ्या कारागिराचं नाव मात्र अहमद ठेवलं, आणि तेवढं केलं म्हणजे तुमचं देणं फिटलं असं स्वतःला समजावलं.

आता मे महिना. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले होते. तुम्ही मला यार्डातल्या फलकाचा फोटो पाठवलात आणि खाली बोललात, फिझा, नवीन कागद लावलाय, काय लिहिलंय बघ गं. यात नवं काहीच नव्हतं. दुसरीत गेल्यापासून मी आपल्या घराचे कागद वाचत आले. रेशनचे, दवाखान्याचे, तुम्ही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली दुबईची पत्रं. शेजारच्या कृष्णाबाईसुद्धा त्यांची औषधं घेऊन माझ्याकडे यायच्या. घरात शिकलेली मी पहिली, आणि तुम्ही सगळ्यांना सांगायचात, फिझाने वाचलं म्हणजे झालं. त्या वाक्याने मी किती फुगायचे ते तुम्हाला माहीत नाही. त्या वाक्याची मला किती भीती वाटायची तेही नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख मी तीनदा वाचायचे आणि अंथरुणातून उठून चौथ्यांदा.

पण त्या गुरुवारी मी टिटवीवर लिहीत होते. तुमच्याचबद्दल लिहीत होते, अब्बा. लाकडाला कान लावलेला माणूस लिहीत होते आणि वाक्य जमत आलं होतं. मी फोटोवर नजर टाकली. वर मोठ्या अक्षरांत उन्हाळ्यातल्या कामाच्या वेळा होत्या. मी फोटो मोठा केला नाही. खाली सरकवला नाही. चार सेकंदांचा आवाजाचा निरोप पाठवला, टाइमिंगची नोटीस आहे अब्बा, तुम्हाला काही नाही. आणि वाक्याकडे परत वळले.

त्याच फलकावर, त्या कागदाच्या खाली, दुसरा कागद होता. सात नंबरच्या लाँचच्या पोटात रंग काढायचं औषध मारलं आहे, रविवारपर्यंत आत कोणी उतरू नये.

शनिवारी सकाळी तुम्ही आत उतरलात. त्या वासाने तुम्ही आतच कोसळलात. यार्डातले तुमचे जोडीदार तहा चाचा तुम्हाला ओढायला धावले आणि शिडीवरून घसरले. वरून आलेल्या फळीखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तुम्ही शुद्धीवर आल्यावर मुकादमाने सगळ्यांसमोर सुनावलं, बोर्ड पर लिखा था, पढ़ना नहीं आता तो किसी से पूछ लेते. आणि तुम्ही म्हणालात, कोणाला विचारलं नाही साहेब. माझीच चूक.

हे मला तहा चाचांनी सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाही. मी यार्डात आले तेव्हा तुम्ही बाजेवर बसून संत्रं सोलत होता आणि मलाच म्हणालात, उन्हातून कशाला आलीस? मी फलक बघून आले होते. दोन्ही कागद तिथेच होते. मला वाटलं तुम्ही विचाराल, आणि विचारलंत की मी सांगेन. तुम्ही अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलंत.

जूनमध्ये तुम्ही कायमचे गावी निघालात. मुनिबा, तुला आणि अम्मीला आम्ही सांगितलं की अब्बा थकले म्हणून परत येताहेत. ते थकले नव्हते. त्यांना परत पाठवलं. ‘आता वय झालं’ असं जेटीवर सांगताना त्यांना हसावं लागत असेल. विमानतळावर सामान तोलून झाल्यावर अब्बा, तुम्ही खिशातून फोन काढलात आणि विचारलंत, यातला आवाजाचा निरोप पुसायचा कसा? मी दाखवलं. बोट दाबून धरायचं, मग ही डबी. तुम्ही म्हणालात, बरं, आणि जरा पलीकडे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ फोनशी खटपट करत राहिलात. परत आलात आणि म्हणालात, यल्ला, जा आता, ऑफिसला उशीर होईल. कोणता निरोप पुसला ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पुसायचं कसं तेही मीच शिकवलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी टिटवी कशी पडली ते ठरवायची बैठक झाली. मी सूर्यावरचं वादळ सुचवलं होतं. अनुपमा मॅडम म्हणाल्या, वादळं बोअर होतात गं, माणसाची चूक दे, ऐकणाऱ्याला लागेल अशी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अकरा मिनिटांत लिहून दिलं. अकराव्या फटीपाशी एक सूचना लावलेली होती. ही फट तूर्त भरू नये, आधी इथे आतली वाफ बाहेर जाण्याची नळी बसवायची आहे. अहमदला वाचता येत नव्हतं. त्याने कोणाला विचारलं नाही. त्याने फट भरली, इतकी उत्तम भरली की वाफेला वाटच उरली नाही. एकेचाळिसाव्या दिवशी टिटवी फुटली, ठोके थांबले, आणि तिच्या आवाजावर निघालेली तीन जहाजं दिशा हरवून बसली. दोनशे बारा माणसं. त्यावरून त्या जगात कायदा झाला की ज्याला वाचता येत नाही त्याने जहाजाला हात लावायचा नाही. मी मान वर केली तेव्हा अनुपमा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, आता कळलं बंदरांवर अडाण्यांना बंदी का आहे. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. तुम्ही त्या बातमीचे पेढे वाटलेत.

‘त्याने कोणाला विचारलं नाही.’ हे वाक्य तुमचं आहे. तुम्ही ते मला वाचवायला बोललात आणि मी ते तुमच्याविरुद्ध वापरलं.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. मला गप्प बसता येतं, हे आता मला चांगलंच कळलं आहे. पण मालिका इंग्रजीत आणि अरबीत आली आणि ते नाव ऑफिसात सुटलं. कोणी ईमेल न वाचता काही केलं की शार्दूल म्हणतो, ‘फुल अहमद झाला रे ह्याचा!’ मग सगळे म्हणू लागले. आता ऐकणारी मुलंही लिहून पाठवतात, डोन्ट डू ॲन अहमद. शार्दूल वाईट मुलगा नाही, त्याला माझ्या वडिलांचं नाव माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही. तो पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं, कारण मी इतरांपेक्षा थोडं जास्त वेळ हसले होते.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला वादळाचं पत्र लिहिलं. आणि डिसेंबरात तुमचा आवाज आला. सहा मिनिटं. तुम्ही महिनाभर विचार करत होता म्हणे. सूर्य इतका तापला तर साग आकसतो, फट उघडते, म्हणजे वादळाचा दोष नाही, ज्याने फट भरली त्याने तेल कमी दिलं असणार. तुमच्या अहमदकडून चूक झाली फिझा, मी असतो तर मुशी माशाच्या तेलात चुना जास्त घातला असता, दोनदा घोटला असता. मग थांबून म्हणालात, ऑफिसात सांग, पुढची टिटवी पडणार नाही. आणि शेवटी हसून, इकडे पोरं मला टिटवीवाले म्हणतात, हिंदीत आली की मुनिबा मोठ्या स्पीकरवर लावणार आहे, अख्खी जेटी ऐकायला येणार.

मी खोटं वादळ उठवलं आणि तुम्ही तेही स्वतःच्या अंगावर घेतलंत.

हिंदीतली मालिका फेब्रुवारीत येते आहे. तुमची जेटी ऐकेल की अहमदला वाचता येत नव्हतं, त्याने कोणाला विचारलं नाही, आणि दोनशे बारा माणसं गेली. त्यावर मोगरीचा ठोका वाजेल, तुमच्याच हातचा.

त्या मे महिन्यापासून मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते. माझ्या खोलीतली साजिदा चिडवते, अगं, लिफ्ट आली आणि गेलीसुद्धा, तू अजून आग विझवायच्या नळकांड्याची तारीख वाचतेस. तिला वाटतं हा माझा स्वभाव आहे.

हे पत्र तहा चाचा आणतील. ते परवा, रविवारी सुटीवर निघत आहेत. त्यांच्याच हातात, बंद पाकिटात, त्यांच्या बोटांची हकिकत देऊन पाठवायला मला जमेना. म्हणून आज सकाळी मी त्यांना अब्राच्या धक्क्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. फोटो, चार सेकंद, सगळं. एक अब्रा भरून गेली, दुसरी भरली. मग ते उरलेल्या दोन बोटांनी माझ्या दंडाला धरून म्हणाले, तुझा बाप तीन दिवस मला सांगत होता की मी कोणाला विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तू वाचून दिल्याशिवाय तो साबणसुद्धा विकत घेत नाही. लिहून झालं की पाकीट आणून दे. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

अब्बा, हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. माफी तुम्ही मी मागायच्या आधीच देऊन टाकता, म्हणून तर मी इथवर पोचले. तुमची परवानगीही मागत नाही. तुम्ही म्हणाल, कशाला पोरी, नोकरी जाईल. जाऊही शकते. दुसऱ्या भागासाठी टिटवीच्या काळाचा इतिहास आता एका बैठकीत कायमचा पक्का होणार आहे. त्या बैठकीनंतर कोणालाही, मलाही, त्यातलं काही बदलता येणार नाही. त्याआधी नोंद बदलायची तर सगळ्यांसमोर पुरावा ठेवावा लागतो. हा नियम मीच केला आहे. माझ्याकडे पुरावा आहे. तुमच्या फोनमधला निरोप तुम्ही पुसलात, माझ्या फोनमधला मी पुसलेला नाही. फलकाचा फोटोही आहे. मी तो मोठ्या पडद्यावर लावणार, खालचा कागद दिसेल इतका मोठा, आणि ते चार सेकंद ऐकवणार. मग सांगणार की अहमद माझे वडील आहेत, त्यांनी विचारलं होतं, आणि ज्या मुलीला विचारलं तिने अर्धंच वाचून सांगितलं. नव्या नोंदीत त्या मुलीचं नाव फिझा असेल. टिटवी पडेलच, ते मला बदलायचं नाही. पण चारशे वर्षांनी तिची एक फळी एका बंदराला लागेल, टोकाला गळाची खूण असलेली, आणि तिची फट अजून टणक बोलत असेल. ‘कोणी सुचवली’ या रकान्यात तुमचं नाव येईल. त्यांनी नोंद स्वीकारली नाही, तर हिंदी मालिका लागेल तेव्हा मी तुमच्याशेजारी जेटीवर बसलेली असेन, आणि सुरू होण्याआधी हेच सगळं तिथे सांगेन. मुनिबा, आता कागद उलट, मागे काही राहिलं आहे का बघ, आणि मगच अब्बांना सांग की पत्र संपलं. तहा चाचा तुमच्याकडे मंगळवारपर्यंत पोचतील. म्हणजे मला अडवायला तुमच्याजवळ एक आठवडा आहे, अब्बा. अडवू नका. बैठक त्याच्या पुढच्या मंगळवारी आहे, २० जानेवारीला, सकाळी दहा वाजता.

तुमचीच,
फिझा